रकाना सात

विम्याच्या फॉर्मवर सातवा रकाना:
वाहन स्पोर्टी आहे काय? होय / नाही.
बावीस वर्षं मी तिथं खूण करतोय,
डिचोली, साखळी, वाळपई,
आणि अजून मला नीट कळलेलं नाही
की विचारलंय काय.

सकाळी साखळीच्या बाजारामागे
एक लाल गाडी. सीटला लाल टाके,
पेडलांवर चकचकीत पत्रा,
मागे दोन सायलेन्सर.
पेनानं वाजवून पाहिले:
एक लोखंड, एक प्लास्टिक.
मालकाचा मुलगा काच खाली करून म्हणाला,
"साधीच लिहा हां, हप्ता वाढतो."
मी साधी लिहिली.
त्यात खोटं काही नव्हतं.

दुपारी केरी.
धरणाच्या अलीकडे, रस्त्याला लागून नर्सरी,
बिंबलाच्या झाडाखाली पांढरी हॅचबॅक,
बाराशे सीसी, चौदा वर्षांची,
दारावर मातीच्या पंजाचा ठसा.
मागची सीट गायब.
"वजन कमी करायला?" मी जाणकारासारखं विचारलं.
सुलक्षा माजीक हसली नाही.
"काजूची कलमं न्यायला.
पण सीट काढली त्या दिवशी घाटात
ही मला निराळ्याच आवाजात बोलली.
मग आगुस्तीनकडून स्प्रिंगा बदलून घेतल्या,
टायर रुंद घातले.
एक पाटली गेली त्यात.
दुसरी आहे अजून,"
आणि मनगट दाखवलं,
टाकीत किती उरलंय ते दाखवावं तसं.

"बसा. भियेनाकात."

चोर्ल्याचा घाट.
मी पट्टा लावला, फाईल छातीशी धरली.
ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही.
तिसऱ्यातून दुसरा, मनगटाच्या एका झटक्यात,
आणि रस्ता सीटमधून वर आला:
खडी, डांबराचं ठिगळ, मोरीचा सांधा,
सगळं माझ्या कण्याला
एकेक करून कळत गेलं.
गाडी वळवावी लागत नव्हती.
ती मान वळवायची, गाडी मागोमाग.
आतलं मागचं चाक क्षणभर जमिनीवर नव्हतं
हे मला खाली आल्यावर सांगितलं.
बरं केलं.

एका वळणावर कदंब,
अख्खा रस्ता तिच्याच मालकीचा.
आम्ही थांबलो, इतके सरळ, इतके आधी
की ड्रायव्हरला हात करायला सवड मिळाली.
"हेपण त्यातच येतं," ती म्हणाली,
"थांबणं. स्टिकरवर कुणी लिहीत नाही."

सगळा वेळ माझा डोळा काट्यावर.
साठ. एकदा बासष्ट.
माझी स्वतःची लांबरुंद गाडी
मांडवीच्या पुलावर शंभराला जाते तेव्हा
मी जांभई देतो.
इथे साठाला जीभ टाळूला चिकटलेली,
आणि, सांगायला लाज वाटते,
मी हसत होतो. या वयात.

परत आल्यावर बॉनेटवर फॉर्म पसरला.
पत्रा तापलेला, आतला पंखा अजून फिरतोय.
माणुसकी म्हणून 'नाही'कडे पेन नेलं:
चौदा वर्षांची गाडी, बाईचे अठराशे वाचतील,
कोण बघायला येतंय?
तिनं पेनाच्या टोकापुढे बोट ठेवलं. नखात माती.
"खरं काय ते लिहा."
"हप्ता वाढेल."
"येऊ दे एकदा कागदावर."

मी 'होय'वर खूण केली.
होय म्हटलं की कारण द्यावं लागतं,
शेऱ्याला जागा अर्धी ओळ.
सायलेन्सर एक, असं लिहिलं. लोखंडी.
पुढे सुचेना.
ती तोवर पाइप ओढत
कलमांना पाणी घालायला गेली होती.
मी लिहिलं: वाहन लहान आहे.
खाली सही, तारीख.

उद्या पणजीहून फोन येईल,
हे कसलं कारण म्हणून.
येऊ दे.